घरचा आहेर आणि घरची शिवी

गेल्या श्रावणातील एका सोमवारची गोष्ट. भोपाळमधील आमच्या वस्तीतल्या देवळात सायंकाळची आरती आटोपून, तीर्थप्रसाद घेऊन मंडळी सभामंडपात बसली होती. बोलता बोलता विषय राजकारणावर गेला आणि कै. सुषमा स्वराज यांचे नाव निघाले. तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "बाई मोठ्या खऱ्या, पण शेवटी शेवटी हिंदूंच्या विरुद्ध गेल्या. त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी त्यांना त्यांची जागा दाखविली, ते बरेच झाले." हे गृहस्थ सुशिक्षित आहेत, सुस्वभावी आहेत, देवळाच्या प्रत्येक उत्सवात पदरमोड करणारे आहेत. मंडपात त्यांना कोणी उत्तर दिले नाही. दोघातिघांनी तर माना डोलावल्या. आम्हीही त्या वेळी गप्प बसलो, आणि घरी परतताना त्या गप्प बसण्याची आमची आम्हांलाच लाज वाटली. त्या दिवशी जे बोलावयास हवे होते ते आज लिहीत आहोत.

प्रथमच सांगून टाकणे बरे की, आम्ही त्या बाईंच्या पक्षाचे सभासद नाही, आणि त्यांच्या विरोधकांचेही नाही. त्यांची सर्वच मते आम्हांला पटत होती असेही नाही. परंतु ज्या बाईंनी उभ्या आयुष्यात आपले हिंदूपण कधी लपविले नाही, ज्यांनी २०१४ साली लोकसभेच्या सदस्यत्वाची शपथ संस्कृतात घेतली, भगवद्गीतेला राष्ट्रीय ग्रंथाचा मान मिळावा असे ज्यांनी त्याच वर्षी भर सभेत सांगितले, त्यांना हिंदूद्रोही ठरविण्याचा उद्योग त्यांच्याच पक्षाचा अभिमान मिरविणाऱ्यांनी करावा, आणि त्याचा प्रतिध्वनी आमच्या देवळाच्या मंडपात उमटावा, हे निमूटपणे ऐकून घेणे आम्हांला यापुढे शक्य नाही.

घटना काय घडली ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण शिव्या लक्षात राहतात आणि कारण विसरले जाते. जून २०१८ मध्ये लखनौच्या पारपत्र केंद्रात एक दांपत्य गेले. पत्नी हिंदू, पती मुसलमान. तेथील एका अधिकाऱ्याने पत्नीने विवाहानंतर नाव बदलले नाही यावरून आपला अपमान केला, अशी तक्रार त्यांनी परराष्ट्रमंत्री या नात्याने सुषमाबाईंकडे ट्विटरवर केली. दुसऱ्याच दिवशी दोघांना पारपत्रे मिळाली आणि त्या अधिकाऱ्याची बदली झाली. अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, आपण केवळ नियमाप्रमाणे कागदपत्रे मागितली. पुढे पोलिसांच्या चौकशीत पत्नीच्या राहत्या पत्त्याविषयी आक्षेपही निघाला. या साऱ्या गडबडीत बाई देशात नव्हत्या. १७ ते २३ जून या काळात त्या युरोपच्या सरकारी दौऱ्यावर होत्या. परत येऊन पाहतात तो त्यांच्या नावाने शिव्यांची लाखोली वाहिलेली! आणि ती वाहणारे विरोधी पक्षाचे नव्हते. आपल्याच पक्षाचा जयजयकार करणाऱ्या, त्याच पक्षाच्या नेत्यांची चित्रे आपल्या नावापुढे लावणाऱ्या मंडळींचे ते पुण्यकर्म होते.

आपल्या भाषेत 'घरचा आहेर' हा एक मार्मिक शब्दप्रयोग आहे. स्वपक्षीयाने आपल्याच नेत्याला चारचौघांत सुनावले की वृत्तपत्रे म्हणतात, घरचा आहेर मिळाला. असा आहेर मिळणे हे पक्ष जिवंत असल्याचे लक्षण आहे, असेच आमचे मत आहे. आमच्या देवस्थानांचेच पाहा ना. महाजनांच्या सभेत विश्वस्तांना जमाखर्च विचारला जातो, पालखीच्या खर्चावरून आवाज चढतात, गेल्या वर्षीच्या समया कोठे गेल्या याचाही जाब द्यावा लागतो. त्यावाचून देवस्थान नीट चालत नाही. पण जमाखर्च विचारता विचारता विश्वस्ताच्या आजारपणावर, त्याच्या घरातील माणसांवर घसरणाऱ्याला सभेतील वडीलधारी मंडळी हाताला धरून खाली बसवितात. तो आहेर नव्हे, हे कोणालाही शिकवावे लागत नाही.

लखनौच्या प्रकरणात जमाखर्च विचारण्यासारखे काहीच नव्हते काय? अवश्य होते, आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. एका बाजूची तक्रार आली आणि चोवीस तासांच्या आत अधिकाऱ्याची बदली झाली. त्याचे म्हणणे कोणी, केव्हा, कसे ऐकले? मंत्री परदेशी असल्या तरी खाते त्यांचेच होते. जेथे एका जाहीर हाकेसरशी खालची यंत्रणा घाबरून हालते, तेथे त्या घाबरण्याची जबाबदारी काही अंशी वर बसलेल्या माणसावर येतेच. ट्विटरवरून गाऱ्हाणी ऐकण्याच्या बाईंच्या पद्धतीने हजारोंचे भले झाले. पण ज्याला तेथे ओरडता येते त्याचे काम आधी, असाही तिचा परिणाम होत असणार. पक्षाच्या कार्यकर्त्याने हे सारे लिहिले असते, दिल्लीला पत्र धाडले असते, सभेत उभे राहून विचारले असते, तर आम्ही त्याची पाठ थोपटली असती.

त्याऐवजी त्यांनी काय लिहिले? डिसेंबर २०१६ मध्ये दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत बाईंवर मूत्रपिंड-रोपणाची शस्त्रक्रिया झाली होती. त्या दान मिळालेल्या मूत्रपिंडाचा धर्म काढण्यात आला. ते मुसलमानाचे असावे, म्हणून त्यांची बुद्धी अशी फिरली, अशा अर्थाचे विनोद झाले. ज्यांच्या पुराणांत दधीची आपल्या अस्थी काढून देतो, त्यांनी अवयवदानाची अशी थट्टा करावी! इंद्राने त्या अस्थी घेताना गोत्राची चौकशी केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. याहून पुढे जाऊन एकाने बाईंच्या पतीलाच सल्ला दिला की, त्या रात्री घरी आल्या म्हणजे त्यांना मारावे, म्हणजे ताळ्यावर येतील.

या सल्ल्याला त्यांचे पती स्वराज कौशल यांनी जे उत्तर दिले ते आमच्या मते त्या सबंध प्रकरणातील एकमेव वाचनीय लेखन होय. त्याचा आशय असा होता: आपली आई १९९३ साली कर्करोगाने गेली. तेव्हा सुषमा खासदार होती, पूर्वी राज्यात मंत्री होऊन गेलेली होती. तिने सेविका ठेवण्यास नकार दिला आणि वर्षभर रुग्णालयात राहून सासूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. आपल्या वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या चितेला अग्नीही तिनेच दिला. तिच्याविषयी असे शब्द वापरू नका, आम्ही तिला फार मानतो. वाचकहो, सुनेने सासऱ्याला अग्नी देणे हे आपल्यापैकी किती घरांत आजही मानवेल? सासऱ्याने मरताना तशी इच्छा धरावी, यात त्या सुनेविषयीचा जो विश्वास आहे, तो त्या घरातील धर्म होता. आणि त्या घराला धर्म शिकवावयास निघाले होते कोण, तर ज्यांना स्वतःचे खरे नावही लिहिण्याचा धीर नव्हता ते.

बाईंनी स्वतः केलेले उत्तर निराळ्याच तऱ्हेचे होते. त्यांनी त्या शिव्या लपविल्या नाहीत. उलट, हा आपला सन्मान होतो आहे असे म्हणून त्या सर्वांसमोर मांडल्या. मग त्यांनी लोकांनाच कौल लावला: असे लिहिणे तुम्हांला मान्य आहे काय? सुमारे १ लाख २४ हजार जणांनी मत दिले. शेकडा ५७ जणांनी 'नाही' म्हटले, शेकडा ४३ जणांनी 'होय'. वृत्तपत्रांनी तेव्हा लिहिले की, बहुमत बाईंच्या बाजूने होते. आम्हांला मात्र त्या दुसऱ्या आकड्याने झोप येईना. ते सारे त्यांच्या पक्षाचे होते असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. पण पन्नास हजारांहून अधिक माणसांना, आजारी बाईला तिच्या शरीरात कोणाचे मूत्रपिंड आहे यावरून हिणविणे योग्य वाटले, आणि श्रावणातल्या त्या संध्याकाळी आमच्या शेजारी बसून त्यांच्यापैकीच कोणी शेंगदाण्याचा प्रसाद खात नव्हता याची आम्हांला खात्री नाही.

आणि पक्ष? शिव्यांचा निषेध काँग्रेसने, म्हणजे ज्या पक्षाशी बाई जन्मभर लढल्या त्याने, आधी केला. स्वपक्षाचे ज्येष्ठ मंत्री बोलले ते जुलै उजाडल्यावर. राजनाथ सिंह यांनी हा प्रकार चुकीचा असल्याचे सांगितले आणि नितीन गडकरी यांनी, निर्णय झाला तेव्हा बाई देशातही नव्हत्या, हे स्पष्टपणे लोकांच्या नजरेस आणले. या दोघांचे आम्ही आभार मानतो. पण वाड्याला आग लागल्यावर शेजारी घागर घेऊन धावतो आणि घरचे लोक आठवड्याने विचारपूस करतात, हे दृश्य काही शोभादायक नव्हते.

आता मूळ आरोपाकडे वळू. बाई हिंदूंच्या विरुद्ध गेल्या, हा तो आरोप. ज्या मराठी वाचकाला तो खरा वाटत असेल, त्याला आम्ही सहाच महिने मागे, डिसेंबर २०१७ मध्ये घेऊन जातो. त्या महिन्याच्या २५ तारखेला कुलभूषण जाधव यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटावयास गेल्या. मध्ये काचेची भिंत. नेहमी साडी नेसणाऱ्या त्या माउलीला सलवार-कुडता घालावयास लावला. दोघींची मंगळसूत्रे, बांगड्या, टिकल्या काढून घेतल्या. आई मुलाशी मराठीत बोलू लागली तर तिला अडविण्यात आले. मायलेकरांनी आपल्या भाषेत बोलू नये! तीन दिवसांनी संसदेच्या दोन्ही सभागृहांत हे सारे सांगावयास उभ्या राहिल्या त्या सुषमा स्वराज. आईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही हे पाहून मुलाने पहिला प्रश्न विचारला तो 'बाबा कसे आहेत?' हा, ही हकीकत त्यांनी आईच्या तोंडून ऐकून सभागृहाला सांगितली. सवाष्णींना विधवेच्या वेषात त्यांच्या माणसापुढे उभे केले, हे दुःख काय असते ते परराष्ट्र-व्यवहाराच्या शुष्क भाषेत सांगता येत नाही. तेथे एखादी बाईच हवी होती, आणि मंगळसूत्राचा अर्थ जाणणारीच हवी होती.

त्या नुसत्या बोलून थांबल्या नव्हत्या. मे २०१७ मध्ये भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि फाशीला स्थगिती मिळाली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने शिक्षेचा फेरविचार व्हावा आणि भारतीय अधिकाऱ्यांना जाधव यांना भेटू द्यावे, असा निर्णय दिला. आपल्याच नागपूरकडचे हरीश साळवे हे या खटल्यात भारताचे वकील होते, आणि त्यांची फी होती एक रुपया. ६ ऑगस्ट २०१९ च्या रात्री बाईंनी साळवे यांना दूरध्वनीवरून सांगितले की, उद्या या आणि आपला रुपया घेऊन जा. त्याच रात्री त्या गेल्या. तो रुपया पुढे त्यांच्या कन्येने पोहोचविला. हिंदूंच्या विरुद्ध गेलेली बाई ती हीच, हे मंडपातील मंडळींनी लक्षात घ्यावे.

'पण त्या मुसलमानांचीही कामे करीत, पाकिस्तानातील रोग्यांना भारतात उपचारासाठी प्रवेशपत्रे देत,' असे कोणी म्हणेल. होय, देत होत्या. मुंबईचे हमीद अन्सारी सहा वर्षांनी पाकिस्तानच्या तुरुंगातून डिसेंबर २०१८ मध्ये सुटून आले, तेव्हा त्यांच्या आईनेही याच बाईंना मिठी मारली. येमेनमधून २०१५ साली चार हजारांहून अधिक भारतीय सोडवून आणले, तेव्हा बोटीवर चढताना कोणाचे कुलदैवत विचारले गेले नाही. पारपत्र हा काही देवळातील मानाचा नारळ नव्हे की, तो अमुक घराण्यालाच मिळावा. आमच्यापैकी ज्यांची मुले आखातात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आहेत, त्यांनी तरी क्षणभर विचार करावा. रियाधच्या वकिलातीत रात्री दोन वाजता आपला मुलगा अडकला, तर तेथील मंत्र्याने अर्जदाराचा धर्म पाहून दार उघडावे, हा नियम आपल्याला परवडेल काय?

गीताची कथा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिचा शेवट आमच्याच मुलखात येतो. एक मूकबधिर मुलगी लहानपणी चुकून सीमेपलीकडे गेली. कराचीच्या ईधी संस्थेने तिला वाढविले. ती हिंदू आहे हे ध्यानात आल्यावर बिल्किस ईधी यांनी तिचे नाव गीता ठेवले आणि मुसलमान संस्थेच्या त्या आश्रमात तिच्या खोलीत देवांच्या तसबिरींसाठी जागा करून दिली. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली. जे कुटुंब तिचे मानले होते ते तिचे नाही असे ठरले, तेव्हा बाईंनी तिला वाऱ्यावर सोडले नाही. इंदूरच्या संस्थेत तिची सोय लावली, तिच्या आईबापांचा शोध लावणाऱ्यास एक लाखाचे बक्षीस जाहीर केले. बाई गेल्यानंतर, मार्च २०२१ मध्ये, तिची आई मराठवाड्यात परभणीकडे सापडल्याचे वृत्त ईधी संस्थेनेच दिले. आपल्या धर्माच्या एका अनाथ मुलीचा देव्हारा कराचीतील एका मुसलमान बाईने जपला. आणि दिल्लीतील एका हिंदू बाईने लखनौच्या मुसलमान माणसाचे पारपत्र अडू दिले नाही, म्हणून तिचे हिंदूपण संपले!

सुषमाबाई या ज्या मतदारसंघातून २००९ आणि २०१४ मध्ये निवडून आल्या, तो विदिशा. आमच्या भोपाळच्या वेशीला लागूनच तो पसरला आहे. भोजपूरचे राजा भोजाचे अपुरे राहिलेले शिवालय त्यातच येते. भोपाळहून विदिशा पन्नास-साठ किलोमीटर. तेथे बेसनगरला एक पाषाणस्तंभ आहे, त्याला लोक 'खांब बाबा' म्हणतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तक्षशिलेच्या यवन राजाचा वकील म्हणून हेलिओडोरस येथील राजाच्या दरबारी आला आणि वासुदेवाचा भक्त होऊन त्याने हा गरुडध्वज उभारला. तक्षशिला आज पाकिस्तानात आहे. परदेशी राजदूताने उभारलेले विष्णूचे हे स्मारक ज्या मातीत आहे, तेथून परराष्ट्रमंत्री निवडून जावी, हा योगायोगच. पण आम्हांला तो नेहमी अर्थपूर्ण वाटत आला. दम, त्याग आणि अप्रमाद या तीन गोष्टी स्वर्गाला नेतात, असे त्या स्तंभावरील लेखात सांगितले आहे.

या स्तंभाची एक गंमत अशी की, कनिंगहॅम १८७७ साली तेथे गेला तेव्हा त्याला तो लेख दिसलाच नाही, कारण शतकानुशतके भाविकांनी स्तंभावर शेंदराची पुटे चढविली होती. पुढे तीसबत्तीस वर्षांनी शेंदूर खरवडला गेला आणि अक्षरे उजेडात आली. नंतर १९१३ ते १९१५ या काळात आमच्याच देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी तेथे उत्खनन केले. ज्यांनी शेंदूर फासला त्यांची भक्ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या खांबाची पूजा ते रोज करीत होते, तो एका परक्या माणसाने आपल्या देवासाठी उभारला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. आमच्या मंडपातील गृहस्थांच्या बाबतीत आम्हांला तसेच काहीसे वाटते.

भोपाळकरांना तर या बाईंचे ऋण विसरण्यास आणखी कमी निमित्त आहे. त्या आरोग्यमंत्री असताना २००३ साली दिल्लीच्या धर्तीवर सहा नव्या आयुर्विज्ञान संस्था काढण्याचे ठरले, त्यांत भोपाळचे नाव होते. आज साकेतनगरच्या त्या रुग्णालयात पहाटेपासून ज्या रांगा लागतात त्यांत आमच्या देवळातील कित्येक मंडळी उभी असतात. सप्टेंबर २०१५ चे विश्व हिंदी संमेलन त्यांच्याच खात्याने येथे भरविले. कारवार-मंगळूरकडील आमच्या कोंकणी वाचकांना १९९९ ची बळ्ळारीची निवडणूक आठवत असेल. हरयाणाची ही बाई थोड्या दिवसांत कानडी शिकली आणि कानडीत व्याख्याने देऊ लागली. हरली, पण त्या प्रांताच्या भाषेला तिने मान दिला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये इंदूरला त्यांनी जाहीर केले की, प्रकृतीमुळे आपण पुढील निवडणूक लढविणार नाही. जूनमधील शिव्यांमुळे त्या निवृत्त झाल्या असे आम्ही म्हणत नाही. त्या तशा लेच्यापेच्या नव्हत्या. पुढल्या वर्षी त्या गेल्या तेव्हा मात्र त्याच ट्विटरवर श्रद्धांजलीचा पूर लोटला. २०२० साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले, दिल्लीतील प्रवासी भारतीय केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. वर्षापूर्वी शिव्या देणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या पुरात आपली फुले सोडली, हे पाहण्याची आम्हांला इच्छा नाही.

हा लेख लिहावयास बसण्यापूर्वी आम्ही त्या गृहस्थांची मुद्दाम भेट घेतली. वरील बहुतेक गोष्टी त्यांच्या कानांवर घातल्या. जाधवांच्या आईची हकीकत ऐकताना ते खाली मान घालून बसले होते. पण शेवटी म्हणाले, "ते सारे खरे असेल, त्या बिचाऱ्या अधिकाऱ्याचे काय?" आम्ही म्हणालो, त्याच्यावर अन्याय झाला असे आपले प्रामाणिक मत असेल तर नीट अर्ज लिहा, कोणाचीही आई-बहीण न काढता, कोणाच्या आजारपणाकडे बोट न दाखविता, फक्त त्याला बाजू मांडू दिली गेली की नाही एवढेच विचारा. त्यावर पहिली सही आमची राहील. त्यांनी होकार दिला. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. आम्ही दर सोमवारी देवळात भेटतो, पण तो कागद अद्याप आमच्याकडे आलेला नाही.